पाच वर्षांची जागा

पिनर,
नोव्हेंबर

प्रिय वरदा,

हीथ्रोवरून बाबांनी तुला ‘आई पोचली’ एवढाच मेसेज केला आणि तू समजायचं ते समजलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू डॉक्टर होतेस आणि मी पेशंट, पत्रात निदान तुला मधे बोलता येणार नाही. हो, मी सुयशला न घेता परत आले. तू सगळी कागदपत्रं करून दिली होतीस, तिथल्या मोठ्या शहरात दहनाची वेळसुद्धा घेऊन ठेवली होतीस. तांब्याचा कलश मीच घासूनपुसून नेला होता. तो तसाच परत आला आहे. चिडायचं तर खुशाल चिड, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी ते गाव कसं आहे ते सांगते, कारण गेली पाच वर्षं आपण दोघींनी त्याला नुसतं ‘तिकडे’ म्हटलं. गावाचं नाव बिनुवान, ते बेटाच्या पूर्वेच्या अंगाला आहे. समोर पॅसिफिक, पाठीशी डोंगर, मधल्या पट्टीत नारळ आणि एक नदी. एरवी मुलं त्या नदीत गुडघाभर पाण्यात खेळत असतात. वादळात मात्र डोंगराचं पाणी खाली येतं, समुद्र ते आत घेत नाही, आणि सगळं गावात शिरतं. किनाऱ्यावर स्पॅनिश काळातला टेहळणीचा दगडी बुरूज आहे. समुद्रावरून लुटारू यायचे म्हणून गावाने एकदा जागा सोडली, पुराला कंटाळून पुन्हा एकदा सोडली. बुरूज तिथेच राहिला, गाव मागे सरकलं. आता मधोमध चौक, चौकात बास्केटबॉलचं मैदान, एका बाजूला चर्च आणि समोर नगरपालिका. एवढ्याशा गावाला महापौर! मला आधी हसू आलं. पण त्यांची म्युनिसिपालिटी म्हणजे नुसतं गाव नव्हे, आसपासच्या सगळ्या वाड्या त्यात येतात, काही तर अशा की होडीशिवाय पोचता येत नाही. वाडीला ते बरांगाय म्हणतात आणि प्रत्येकीचा निवडून आलेला कप्तान असतो. सुयशचे चुलतसासरे, म्हणजे मारिसेलचे काका, त्यांच्या बरांगायचे कप्तान आहेत. शेजाऱ्यांचं भांडण झालं तर कोर्टात जायच्या आधी दोघांना कप्तानापुढे बसावंच लागतं, तसा तिथला कायदा आहे. काका दोघांना कॉफी पाजतात आणि भांडण निवेपर्यंत उठू देत नाहीत. तुला आणि मारिसेलला तिथे बसवावं असं माझ्या फार मनात आलं.

आपल्या कौन्सिलच्या ड्रेनेज विभागातली पक्की नोकरी सोडून सुयश तिथे गेला तेव्हा तू आकाशपाताळ एक केलं होतंस. तो म्हणाला होता, इथे मी गटारांच्या मीटिंगा करतो, तिथे गटारं करीन. त्याने केली गं. बाजारामागचा मोठा नाला त्याचाच. कप्तानकाकांनी मला हाताला धरून तो दाखवायला नेलं, एखादं देऊळ दाखवावं तसं. नाल्याच्या काठी उभी राहून मी रडले. येणारेजाणारे थांबून मला केळी द्यायला लागले, मग काय करणार, गप्प बसून केळी खाल्ली.

आता दफनभूमीचं सांगते. ती नगरपालिकेची आहे, टेकडीच्या उतारावर. सिमेंटच्या भिंतीत एकावर एक खण, कपाटासारखे. खण पाच वर्षांसाठी मिळतो. मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा, नाहीतर अस्थी काढून खण दुसऱ्याला देतात. ‘माझा भाऊ भाड्याच्या खोलीत ठेवलाय,’ असं तू म्हणालीस ना, ते मला सुरीसारखं लागलं होतं. तो गेला तेव्हा त्या वादळाने रस्ते बंद होते, जवळपास दहनाची सोय नव्हती, आपल्याला पोचता आलं नाही, म्हणून त्याला पुरलं. ‘माती ती मातीच,’ एवढंच बाबा बोलले. अजूनही सकाळी चहाच्या आधी ते फोनवर बिनुवानचं हवामान बघतात. तिथे पाऊस असला की चहा गार होतो.

एक नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत येतं. मारिसेल दरवर्षी त्याचा खण पांढऱ्या रंगाने रंगवते, याही वर्षी रंगवला. तिच्या आईने शेवयांसारखं काहीतरी पातेलंभर केलं होतं, पोरं मेणबत्त्यांच्या मेणाचे गोळे वळत होती, भिंतीपलीकडे कुणीतरी माइकवर गात होतं. स्मशानात सहल! मला संताप आला. मी एका बाजूला भाताचा पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसले. बराच वेळ गेला. कावळा दिसेना. पोराचं काहीतरी मागे राहिलंय, असंच मनात यायला लागलं. कप्तानकाकांना वाटलं, मी सुयशला ताट वाढलंय. तेही आपल्या माणसांना तिथे जेवण ठेवतात. म्हणून त्यांनी शेजारी त्याच्या आवडीची बिअर उघडून ठेवली. शेवटी कुणाची तरी कोंबडी आली आणि पिंड टिपून गेली. मला हसू फुटलं, आणि मग जे रडू आलं ते मारिसेलच्या आईने मला छातीशी धरलं तरी थांबेना. एकमेकींची भाषा येत नाही आम्हाला. घरी येऊन मी आंघोळ केली, तर त्यांना वाटलं मला उकडतंय.

सुट्टी संपल्यावर आम्ही नगरपालिकेत गेलो. मुदत वाढवायची की अस्थी न्यायच्या, एवढाच प्रश्न, आणि सही बायकोची लागते. मारिसेलने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मम्मी, तुम्ही सांगाल तसं. ‘न्यायच्या’ हा तुझा शब्द माझ्या ओठांवर होता. पण मी एक दिवस मागून घेतला, कारण तो एक प्रश्न विचारल्याशिवाय मला त्याला आणवत नव्हतं.

संध्याकाळी ती मासे साफ करत होती. मी सरळ विचारलं, जे तू पाच वर्षं विचारते आहेस: तू नर्स, लंडनच्या हॉस्पिटलात काम केलेली, पुराच्या पाण्यात दिवसदिवस उभ्या राहिलेल्या नवऱ्याला लेप्टोचा ताप येऊ शकतो हे तुला कळलं नाही? तो येऊ नये म्हणून आधीच दोन कॅप्सूल दिल्या असत्यास तर? वरदा, तिने दिल्या होत्या. शाळेत आसऱ्याला आलेल्या माणसांना ती त्या वाटत होती, आणि सगळ्यात आधी त्याच्या हातात ठेवल्या होत्या. तो गेल्यावर त्याच्या चड्डीच्या खिशात त्या सापडल्या, न फोडलेल्या. नाल्याच्या नादात विसरला आपला वेडा. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. तुला का सांगितलं नाही, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, वरदाला कुणावर तरी रागवायला हवं होतं, सुयशवर रागवली असती तर तिचा भाऊ दुसऱ्यांदा गेला असता. मी सकाळी जाऊन तिला सही करायला लावली. तो तिथेच राहील, त्याने आपलं घर तिथे केलं आहे. पुढच्या पाच वर्षांनी मी नसेन, बाबा नसतील. तेव्हा त्या खणासाठी तिच्या शेजारी उभं राहायला तूच आहेस, म्हणून हे सगळं लिहिलं. मला उत्तर नको, तिला फोन कर. माफी वगैरे मागत बसू नकोस, ती रडेल आणि तुम्हा दोघींना काही बोलता येणार नाही. लग्नापासून तू तिला नावानेच हाक मारलीस. एकदा वहिनी म्हण. अर्थ तिला माहीत आहे, सुयशने शिकवला होता. ती वाट बघते आहे.

ग्लासगोच्या थंडीत गळ्याशी मफलर घेत जा.

तुझीच,
आई