माझ्या 'वा'ची हकिकत

तीर्थरूप मामा यांना,

धाकट्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला इथे जमिनीवर जागा नाही, सगळीकडे वायरी पसरल्यात, तेव्हा घातला असं समजून आशीर्वाद तेवढा खराखुरा द्यावा.) गुडघा कसा आहे? आई सांगत होती, की डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढू नका म्हटलं आणि तुम्ही उलट डॉक्टरांनाच त्यांची खुर्ची कशी चुकीच्या उंचीची आहे ते समजावून सांगितलंत. बाहेर ताटकळलेले पेशंट म्हणे घरी निघून गेले. मी खुशाल आहे, आई खुशाल आहे. रेडिओवर माझा आवाज लागला की बाबा तो मोठा करून ठेवतात आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहतात, म्हणजे तेही खुशालच म्हणायचे. हे पत्र सहज लिहितेय. काम काही नाही, गैरसमज नसावा.

तर झालं असं, की आमच्या स्टेशनवरचा संगीताचा कार्यक्रम सध्या माझ्या गळ्यात पडलाय. तुम्ही तो ऐकता हे मला माहीत आहे. (ऐकत नाही असं सांगता, पण मग आईला फोन करून आमच्या चुका कोण मोजून दाखवतं?) कलाकाराला बोलवायचं, अर्धा वेळ गप्पा मारायच्या, अर्धा वेळ त्याने तिथेच बसून वाजवायचं किंवा गायचं. सगळं थेट. चुकलं तर चुकलं, खोडरबर नाही. आमचे जुने निवेदक हे काम डोळे मिटून करायचे, पण त्यांनी नवी कवळी बसवली आणि 'श्रोतेहो' म्हटलं की शिट्टी वाजायला लागली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कुठलं तरी नवीन वाद्य आहे. मग कवळी घासून मिळेपर्यंत कुणीतरी हवं, म्हणून हवामान वाचणाऱ्या मला उचलून तिथे बसवलं. मी तर हरखूनच गेले. मामा, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मला चौकशांचं व्यसन. वाजवताना माणूस कुठे बघतो, कशाचा विचार करतो, मध्येच नाक खाजलं तर काय करतो, असले प्रश्न मी लहानपणापासून साठवून ठेवलेत. ते आता राजरोस विचारायचे आणि वर त्याला नोकरी म्हणायचं! अजून काय हवं?

पहिले पाहुणे बासरीवाले होते. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांनी मला जे काही सांगितलं ते ऐकून मी खूश. त्यांची बासरी म्हणे घरात फक्त न्हाणीघरातच मनासारखी लागते, त्यामुळे ते तासन्‌तास तिथेच. बायको दारावर थापा मारते. त्या थापा हळूहळू तालात यायला लागल्या, आणि आता त्या थापांशिवाय यांचा रियाजच होत नाही. मी म्हटलं, बस्स, हेच आत सांगा. आत गेलो, लाल दिवा लागला, आणि वाघाची शेळी झाली. मी विचारलं, रियाज कुठे करता? म्हणाले, घरी. घरच्यांची साथ असते का? तर मान हलवली. रेडिओवर, मामा, मान! आणि मी शहाणी, मला सगळं कळलं हे दाखवायला मीही मान हलवली. मग ते हसले, मी हसले (आवाज न करता, मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून), आमच्यात मोठा जिव्हाळा निर्माण झाला आणि श्रोत्यांना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही.

इथे आमच्या पहारेकऱ्याची ओळख करून द्यायला हवी. हा माणूस नाही, यंत्र आहे. थोडा वेळ आवाज आला नाही की त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि ते आपलं आपण एक ठेवणीतली टेप सुरू करतं. त्यात एक बाई घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात तुमची क्षमा मागते आणि तिच्या पाठोपाठ अकॉर्डियनवर एक भलतीच आनंदी धून लागते. आम्ही माना हलवत होतो तेवढ्यात ती बाई येऊन क्षमा मागून गेली. काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावून बसले होते. (त्यांना सगळे खुणेश्वर म्हणतात. काचेमागून खुणा करून करून ते बोलणंच विसरलेत. कँटीनमध्ये चहासुद्धा खुणेनेच मागतात.) त्यांनी तोंडापाशी बोटं उघडमीट करून मला दाखवली. म्हणजे, काहीही कर बाई, पण आवाज येऊ दे.

ही खूण मी मनावर घेतली आणि तिथेच घात झाला. कारण आता बासरी सुरू झाली. आणि काय वाजवतो हो तो माणूस! पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा आला. पण एक ओळ वाजवली की ते थांबायचे. नुसते, डोळे मिटून. मला इकडे दरदरून घाम. ती क्षमावाली आता येतेय की मग येतेय! मी घाईघाईने म्हटलं, 'वा!' बाई टळली. पुढच्या थांब्याला पुन्हा 'वा!' त्यांनी डोळे उघडून पाहिलं, चेहरा खुलला, आणि गडी पुढच्या वेळी दुप्पट थांबला. मी दोनदा 'वा' म्हटलं. ते आणखी थांबले. मी 'वा वा, अहाहा, क्या बात है' करत करत शेवटी 'बरं, अजून काय विशेष?' इथपर्यंत पोचले. जितके ते थांबले तितकी मी ओरडले आणि जितकी मी ओरडले तितके ते थांबले. शेवटी शेवटी बासरी तोंडी लावण्यापुरती उरली होती.

कार्यक्रम संपायच्या आत फोन खणखणायला लागले. एका आजींनी विचारलं, त्या मुलीला बरं वाटत नाहीये का. एका गृहस्थांनी सुचवलं, की पुढच्या वेळी मध्ये मध्ये बासरीचा अडथळा नको. आमच्या मोठ्या बाई (स्टेशन त्यांच्या हाताखाली आहे, आम्ही पायाखाली) अगदी शांतपणे म्हणाल्या, पुढचा एक कार्यक्रम बघते; तोही असाच झाला तर त्या वेळात रेकॉर्ड लावून ठेवू आणि तू परत तुझ्या पाऊसपाण्याकडे. हसत हसत सांगतेय खरी, पण त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी रडले. हा कार्यक्रम मला हवाय, मामा. समोर हाताच्या अंतरावर माणूस श्वास घेतो आणि त्याचा सूर होतो, हे एकदा पाहिल्यावर हवामानाच्या खोलीत मन कसं लागणार?

बासरीवाल्यांची माफी मागायला गेले, तर तेच हात जोडून म्हणाले, "इतकी वर्षं मला थांबायची भीती वाटायची. आपण थांबलो आणि समोर कुणी नसलंच तर? आज कुणीतरी होतं." आता त्यांना काय सांगू, की कुणी नव्हतं, अकॉर्डियनचा धाक होता? पण तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू झालाय. माणूस वाजवतो ते कुणासाठी? आणि ऐकणारंच गेलं तर तो काय करतो? मामी गेली आणि तुम्ही क्लॅरिनेट कपाटावर ठेवलंत ते ठेवलंतच. का, म्हणून विचारलं की तुम्ही महागाईपासून मंगळापर्यंत सगळं सांगता, तेवढं सोडून. असो. मी काही विचारत नाहीये.

पत्र लांबलं. तब्येतीला जपा आणि डॉक्टरांना अधूनमधून बोलू द्या.

तुमची,
काही न विचारणारी भाची

ता. क. : काम काही नाही असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या व्हायोलिनवाल्यांचं बोट दारात चेंगरलं. त्यांच्या जागी असा कलाकार हवाय, जो दिवा लागला तरी गप्प होणार नाही. साऱ्या ओळखीपाळखीत नजर फिरवली, तेव्हा लाल दिवाच काय, आग लागली तरी बोलत राहील असा एकच माणूस सापडला. उलटपत्री कळवावे.

आणखी ता. क. : उलटपत्री कळवू नये. तुमचं 'नाही' यायच्या आत मी मोठ्या बाईंना 'हो' सांगून टाकलंय. कालपासून घोषणा चालू आहे. 'बऱ्याच काळाने श्रोत्यांसमोर येणारे ज्येष्ठ क्लॅरिनेटवादक' म्हणजे तुम्हीच. (हा कोण नवीन उपटसुंभ, असं तुम्ही आईला फोनवर विचारलंत म्हणे.) तुम्ही वाजवायला लागलात की मामी काही न बोलता दाराला टेकून उभी राहायची, मला आठवतं. तिची जागा मला घेता येणार नाही. पण मला ऐकायचंय हो. नोकरी राहो की जावो, मला तुमचं ऐकायचंय.

अखेरचा ता. क. : हे पत्र आणून देणारे गृहस्थ पोस्टमन नाहीत, खुणेश्वर आहेत. कार्यक्रम आज संध्याकाळी आहे. ते परत आल्याशिवाय इथे एकही बटण दाबलं जाणार नाही, आणि तुम्हाला घेतल्याशिवाय परत येऊ नका असं मी त्यांना बजावलंय. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची नवी रीड आईने त्यांच्या वरच्या खिशात घातलीय, जुनी वाळून गेली असेल. स्टुडिओ तळमजल्यावर आहे, तेव्हा गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. त्यांना आत बोलवा, पाणी द्या, पण गाडीत बसेपर्यंत एकही गोष्ट सांगायला घेऊ नका. मामीची तर नाहीच. ती मी विचारणार आहे.