लातूरच्या खोलीतलं बंदर

४ जानेवारी
तनुजा सहालाच क्लासला गेली, आता दोनला येईल. स्वयंपाक आठलाच उरकला. मग काय? खोलीत दोन गाद्या, गॅस आणि भिंतीवर ते बंदराचं चित्र — बस्स! लेकीच्या नीट परीक्षेसाठी भोकरचं घर सोडून लातुरात आले, तर सुट्टी मलाच लागली! सासरी वीस वर्षांत बसून राहिलेली दुपार आठवत नाही.

९ जानेवारी
घरमालकीण पार्वतम्मा पाण्याची वेळ सांगायला आल्या. चित्राचं विचारलं. "आमच्या मालकांनी मुंबईहून आणलं व्हतं. मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडायचं, तेजाबात बुडवायचं, मग शाई भरून कागदावर उठवायचं. लई खटपट!" तेव्हापासून नाक लावून बघते आहे. जहाजं, धूर, ओझी वाहणारे हमाल, मागं उंचच उंच इमारती — सगळं नुसत्या रेघांचं! अंधारसुद्धा रेघाच, आडव्या-उभ्या.

१० जानेवारी
तनुजाच्या जुन्या पेपरच्या पाठीवर बॉलपेननं जहाज काढलं. बदक झालं! फाडून टाकलं.

२ मार्च
आजचं जहाज पाण्यात उभं राहिलं! तनुजानं बघितलं. "आई, हे तू काढलंस? खरंच?" पुस्तक सोडून बघत बसली. अभ्यास कर म्हणून रागावले, पण आतून फुगले होते. संध्याकाळी ह्यांचा फोन. "दिवसभर काय करून राहिलीस तिथं?" काही न्हाई, म्हणाले.

११ एप्रिल
हमाल जमत नाहीत. पाठ वाकतच नाही मेल्यांची!

३ मे
तनुजा पेपरला आत गेली. बाहेर सगळ्या आया हात जोडून उभ्या. मीही डोळे मिटले — आणि मनात काय यावं? नाही जमलं तर आणखी एक वर्ष इथंच. दुपार माझी, पेन माझं.
अशी कशी गं मी आई! पोर अभ्यासानं वाळून काडी झाली आहे. देवा, तिला यश दे. माझं ऐकू नको.

१४ जून
निकाल लागला. तनुजा डॉक्टर होणार! ह्यांचा फोन आला, आवाज नुसता फुललेला. "परवा टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव." मी हमसून हमसून रडले. पार्वतम्मांनी पाठीवरून हात फिरवला. "रड बाई, रड. आनंदाचं हाय."
मी हो म्हणाले.