अर्धा कमी धर

९ जानेवारी

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

फोनवर मी बोलत असते आणि पलीकडे तू हं हं म्हणत दुसरंच काहीतरी बडवत असतेस, ते मला ऐकू येतं. म्हणून पत्र लिहिते. पत्र धरायला दोन्ही हात लागतात.

मुळात अभिनंदन करायचं आहे. तू केलेलं ते ‘बेत’ आमच्या शिंप्यांच्या गल्लीत घरोघरी पोहोचलंय. संगणकात मापं भरली की कागदावर बेतलेले तुकडे छापून येतात, ते कापडावर ठेवायचे आणि कात्री चालवायची. समोरचा कोटवाला वापरतो, कोपऱ्यावरच्या गणवेशवाल्या बाई वापरतात, आणि आता मीही. संगणकाला शिवणार नाही म्हणाले होते, पण अंगठा दुखतो, खडूने रेघा ओढवत नाहीत. संगणकाच्या दुरुस्तीवाल्याने येऊन चहा होईपर्यंत घालून दिलं. माझी भाची हे करते म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. मला वाटलं, लाजाळू आहे. इतक्या दुकानांतून वापरतात म्हणजे तू चांगलीच गबर झाली असणार. तरी तुझा बाप म्हणतो, पोरीच्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि ती नवी घेत नाही. श्रीमंतीत कंजूसपणा वाढतो म्हणतात, ते खरं दिसतंय.

एक विचारायचं होतं. ‘बेत’वर काढलेला शर्ट खांद्यात आवळतो. मी हाताने बेतते तेव्हा असं होत नाही. गल्लीत सगळ्यांची हीच रड आहे. कोटवाला म्हणतो, हल्ली फॅशनच तशी असेल. ही फॅशन तू काढलीस का, तेवढं कळव.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो काही मागून घेऊ नकोस.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन्ही हातांनी धरून वाचलं. वाचून झाल्यावर ‘बेत’च्या गिऱ्हाइकांची नावं काढून बसले. आत्या, तुमच्या गावातून आजवर एकानेही ‘बेत’ विकत घेतलेलं नाही. बाहेरच्या कुणीतरी एक प्रत घेतली, तिचं कुलूप फोडलं, आणि तीच हातोहात फिरतेय. तुझा दुरुस्तीवाला लाजाळू नाही.

तुझ्यावर राग नाही. तुला तर मीच पाठवायला हवं होतं. पण अभिनंदन वाचून हसावं की रडावं ते कळेना. माझी जोडीदारीण, जी हिशेब आणि विक्री पाहायची, ती गेल्या महिन्यात सोडून गेली. तिची चूक नाही, तिलाही घर आहे. मला एका मोठ्या कंपनीने नोकरी देऊ केलीय. तिथे गोदामातल्या खोक्यांची मोजदाद करणारं सॉफ्टवेअर करायचं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर ‘बेत’ बंद करावं लागेल, कारण दोन्ही जमणार नाही. चार वर्षं त्यात घातली, म्हणून जिवावर येतं. हे बाबांना सांगू नकोस, ते लगेच नोकरीच्या बाजूने होतील.

खांद्याचं म्हणशील, तर विकत घेतलेल्या दोघातिघांनीही तेच लिहिलं होतं. मी त्यांना उलट शहाणपण शिकवलं की माप घेताना टेप सैल धरा. कारण गणितावर माझा पूर्ण विश्वास आहे, ते तुझंच आहे. लहानपणी तू मापं सांगायचीस आणि मी लिहून घ्यायचे, तेव्हा दर वेळी बजावायचीस की अर्धा कमी धर. छाती असो, कंबर असो, खांदा असो, अर्धा इंच कमी. शिवणकामाच्या कुठल्या पुस्तकात मला ते सापडलं नाही. तुझे कपडे अंगावर इतके चोख बसतात, त्याचं गुपित हेच, असं समजून मी ते ‘बेत’मध्ये जपून घातलं.

अंगठ्याला शेक दे. माया आहे ती राहू दे.

तुझी,
बटण


२४ जानेवारी

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आतल्या खोलीतून तुझे आतोबा काय झालं म्हणून बघायला आले. त्यांना सांगताना पुन्हा हसले.

अगं, कसलं गुपित? तेव्हाच्या माझ्या टेपचं पुढचं पितळी टोक निघालं होतं आणि पहिला अर्धा इंच झिजून लोंबत होता. मी तो कापून टाकला. नवी टेप आज घेऊ, उद्या घेऊ करत तीच वापरली. टेप अर्ध्यावर सुरू व्हायची म्हणून माप अर्ध्याने जास्त दिसायचं, म्हणून अर्धा कमी धर. टेपची खोड होती, आणि तू ती कला समजून कोरून ठेवलीस. छाती-कमरेला सैल ठेवलेलं असतं, तिथे अर्धा इंच खपून जातो. खांद्याला लपायला जागा नसते. एका फाटक्या टेपमुळे आज अख्ख्या गल्लीचे खांदे आवळलेत, ही फॅशन माझीच म्हणायची.

हसणं झालं, आता दुसरं. जी वस्तू सगळ्यांकडे आहे ती कुणालाच विकलेली नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, प्रत काढल्याने मूळ कुठे कमी होतं, तुमच्या भाचीचं तिच्याजवळच आहे की. दिवसभर मशीन चालवताना तेच घोळत होतं. मग आठवलं, मी काढलेली ती दुहेरी कॉलर कोटवाल्याने बघून उचलली होती. माझी कॉलर माझ्याजवळच होती, खरं आहे. पण तिच्यासाठी येणारी गिऱ्हाइकं समोरच्या दाराने आत जायला लागली. मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट कशाचं वाटतंय ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता येईल.

आणखी एक, रागावू नकोस. ही सगळी चोर मंडळी नाहीत. गणवेशवाल्या बाई सुटी सुईसुद्धा मोजून परत करतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, हे विकत मिळतं हेच माहीत नव्हतं. कोटवाल्याला माहीत होतं, पण तू वर्षाचे पैसे एकदम मागतेस. आमच्याकडे लोक शिलाईसुद्धा दोनदा मिळून देतात. वर्षाचे एकदम मागायची रीत कुणी काढली? मला खरंच जाणून घ्यायचंय.

नोकरीचं माझं काही मत नाही. म्हणजे आहे, पण विचारलंस तर सांगेन.

तुझी,
आत्या


३० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टेपचं वाचून मी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेताला आले. ज्यांना टेप सैल धरा म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांना माफीचं पत्र लिहिलं. कारणही लिहिलं. एका बाईंचं उत्तर आलं की त्यांच्या गुरूंची टेपसुद्धा तुटकीच होती.

चूक काढून टाकलीय. विकत घेतलेल्यांना दुरुस्ती आपोआप पोहोचली. कुलूप फोडलेल्या प्रतीला मात्र ती पोहोचत नाही, कारण ती पकडली जाऊ नये म्हणून माझ्याशी तिचा संबंधच तोडून टाकलेला असतो. म्हणजे तुमच्या गल्लीचे खांदे कायमचे आवळलेले राहणार. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग गणवेश घातलेली मुलं डोळ्यांपुढे आली आणि बरं वाटेनासं झालं.

वर्षाचे एकदम मागायची रीत आमच्या धंद्यात सगळ्यांचीच आहे, म्हणून मीही तीच धरली. का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तुझ्या पत्रानंतर पडला. आता दर महिन्याचे थोडे घ्यायची सोय केलीय, आणि काम नसेल त्या महिन्याचे द्यायचे नाहीत. तुला ती दुरुस्त प्रत पाठवतेय.

आणि आत्या, एक गोष्ट मला टोचतेय. लोक माझं काम फुकट वापरतात म्हणून मी कुढत बसले. पण ‘बेत’मध्ये आहे काय? बाहीचा गोलावा तुझा, कॉलरचा उतार तुझा, शिवणीत माया किती सोडायची ते तुझं. चूकसुद्धा तुझी. मी ते आकड्यांत मांडलं, ते काम माझं खरं. पण चार वर्षांत तुझा वाटा काढावा, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. आता काढायचा आहे. ‘बेत’ बंद केलं तर मागच्या विक्रीतला देईन, जेवढा निघेल तेवढा. कंपनीला उत्तर द्यायला आठ दिवस वाढवून मागितलेत. बहुतेक हो म्हणेन. थकले आहे.

तुझ्या मताची वाट पाहते. विचारलं, बघ.

तुझी,
बटण


६ फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

हे पत्र आतोबांच्या हाती पाठवतेय. त्यांना तिकडे काम नाही, पण आहे असं ते तुला सांगतील.

टेपची गोष्ट मी गल्लीत सांगितली. हसायचे ते हसले. कोटवाला म्हणाला, फुकटच्या गोष्टीत काय खोड काढायची. दुरुस्तीवाल्याने त्या प्रतीत हात घालून पाहिला, तर बाह्या गुडघ्यापर्यंत यायला लागल्या. गणवेशवाल्या बाईंनी गणवेश उसवायला घेतले आणि महिन्याचे पैसे भरले. मग शेजारच्या दोघींनी भरले. कोटवाल्याने अजून भरलेले नाहीत, तो अर्धा इंच स्वतः वाढवून घेतो. डोकं आहे त्याला. सगळे देणार नाहीत, बटण. मलाही सगळे कुठे देतात?

तुझ्या वाट्याबद्दल. मी आधी लिहिलं होतं की वेडी आहेस का, घरच्या घरात कसला वाटा, मला काय करायचंय. आपल्यात तसंच लिहितात. पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि मग विचार करत बसले. माझं कसब मीच फुकटात काढलं, तर तुझ्या कामाला दुसऱ्याने किंमत का द्यावी? इतकी वर्षं शिवतेय, शिलाई मिळाली. शिकवल्याचं कधी कुणी विचारलं नाही. तू विचारलंस तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते लपवून काय करू. म्हणून ते पत्र फाडलं. मला वाटा हवा आहे. किती ते तू ठरव, पण मागच्या विक्रीतला उरलासुरला चालणार नाही. पुढचाही हवा.

आता मत सांगते. आजपासून मी भागीदार झाले. भागीदाराला विचारल्याशिवाय दुकान बंद करता येत नाही. विचारून बघ.

तुझी,
आत्या


६ मार्च

भागीदार ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारायची छाती झाली नाही, म्हणून कंपनीलाच नाही कळवलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं की भागीदारीत भावाला काही मिळतं का.

जोडीदारीण आठवड्यातून दोन दिवस येते म्हणालीय. सगळं सुरळीत झालं असं नाही, पुढच्या वर्षीचं मला आज सांगता येणार नाही. पण महिन्याच्या सोयीने नवी गिऱ्हाइकं येतायत, आणि तुमच्या गल्लीतून काल सहावं नाव आलं. कोटवाला. त्याने सोबत निरोप लिहिलाय की त्या दुहेरी कॉलरचा बेतसुद्धा यात घाला. त्याचा वाटा कुणाला द्यायचा, ते त्याला नीट समजावून सांगितलं आहे.

तुझे पहिल्या महिन्याचे पैसे आज पाठवले. थोडे आहेत, पण तुझे आहेत. मिळाले एवढंच कळव. कशाला पाठवलेस, असं लिहू नकोस.

तुझी,
बटण