मामीचा खेळ नेमका कुठे ठेवलास?

चि. भाचेबुवांस,

मामाचे आशीर्वाद. (ते आधीच घेऊन ठेव, खाली शिव्या आहेत.) तुझी प्रकृती ठणठणीत असेलच, दुसऱ्याचं डोकं फिरवणाऱ्यांना कधी काही होत नाही. ताईला नमस्कार सांग. ती लहानपणापासून शहाणी, तू कुणावर गेलास कळत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझी मामी विश्रांतीला बहिणीकडे गेली, हे तुला ठाऊक आहे. जाताना म्हणाली, "माझा ठोकळे जुळवायचा खेळ तेवढा आणून द्या." आमच्या कॉम्प्युटरवर तू विंडोज काढून ते लिनक्स घातलंस तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता. खेळाचं चित्र पडद्यावर समोरच होतं. ते उचललं, पेनड्राइव्हवर टाकलं आणि बस बदलत साडूंकडे गेलो. त्यांच्याकडेही लिनक्सच (तेही तुझंच पुण्यकर्म). चित्रावर टिचकी मारली, तर ढिम्म! साडू म्हणाले, "अहो, तुम्ही दुकानाची नुसती पाटी उचलून आणलीत, दुकान राहिलं तिकडेच!" चहा संपेपर्यंत हसत होते. मामीसुद्धा हसली, गुडघा धरून हसली.

मग तुला फोन केला. तू म्हणालास, यूएसआर नावाच्या फोल्डरातल्या गेम्स फोल्डरात बघा. तिथली फाइल घेऊन पुन्हा साडूंच्या दारात, आणि पुन्हा ढिम्म! कारण तो म्हणे नुसता खेळ चालू करणारा तुकडा. चित्रं आणि आवाज शेअर नावाच्या भलत्याच फोल्डरात, आणि मामीने खेळून गाठलेल्या पायऱ्या होममध्ये, तेही नावाआधी टिंब लावून लपवलेल्या फोल्डरात! माणसाने स्वतःच्या घरात स्वतःपासून काय लपवायचं? (लपलेलं दिसावं म्हणून कंट्रोल आणि एच दाबल्यावर तिथे इतकं काही उगवलं की मी उठून खोलीचं दार लावलं.) मेल्या, मी घड्याळं दुरुस्त करतो. एका घड्याळाचे सगळे भाग एका डबीत, ही माझी रीत. चाकं या खणात, काटे त्या खणात आणि किल्ली माळ्यावर ठेवली असती, तर गिऱ्हाइकांनी मला जोड्याने हाणलं असतं. तुम्ही मात्र भाऊबंदकीत भांडी वाटावीत तसा एक खेळ घरभर वाटता आणि वर त्याला व्यवस्था म्हणता! माझं वय झालं म्हणून तुला हसू येत असेल तर दात दाखवू नकोस, मी ते मोजून हातात देईन.

तुझा संतापलेला,
मामा

ता. क. साडू सांगत होते की खेळ असा उचलून न्यायचाच नसतो, कॉम्प्युटरला हुकमाची एक ओळ लिहिली की त्यांच्याकडेही आपोआप उतरतो, आणि ती ओळ तू त्यांना रविवारी सांगणार आहेस. खबरदार!

आणखी एक. मामीचा गुडघा बरा झालाय. जिना चढताना मी स्वतः पाहिलंय. तिथे खेळ मिळाला तर ती एवढ्यात हलायची नाही. तिने विचारलं तर सांग, हा खेळ फक्त आमच्या घरी चालतो. मला इथे एकट्याला करमत नाही रे. हे शेवटचं वाक्य तिला सांगू नकोस. (सांगितलंस तर मी रागावणार नाही.)