हत्तीच्या पायातली तार

लुआंग्वा खोरे, ४ ऑगस्ट २००३

ती. आईस,
आपल्या रीतीनं गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. वि. वि.

आपल्या जुन्या गावी सुखरूप पोचले. तू रागानं बसपर्यंतही आली नाहीस, तरी पहिलं पत्र तुलाच. खाणीच्या धुरात, कित्वेत वाढलेल्या तुझ्या लेकीनं हत्ती पाहिला होता तो फक्त शाळेच्या पुस्तकात. इथं पहिल्याच सकाळी दवाखान्याच्या नळावर सात उभे! बादली टाकून मी आंब्याच्या झाडाला मिठी मारली. रांगेतल्या बायका खो खो हसल्या. म्हणाल्या, नर्सबाई, आधी त्यांचा नंबर.

योतामू मामा वनरक्षकाच्या खाकीत अजून रुबाबदार दिसतो. त्यानं मला दंडाला धरून हळूच मागं नेलं. सगळ्यात धाकटं पिल्लू आईच्या पोटाखालून माझ्याकडं बघत होतं. शेत राखणाऱ्या बाबांना मारणारी ही जात. मनात राग शोधला गं, सापडला नाही. रागावू नकोस.

तुझी,
तिसाउके


कित्वे, १५ ऑगस्ट २००३

चि. तिसाउके हिस,
आईचा डोक्यावर हात.

पत्र मिळालं. राग सापडला नाही म्हणतेस. तू तीन वर्षांची होतीस, तुला कुठून सापडणार? मूठभर ज्वारीसाठी तुझा बाप गेला. बदली मागून घे. आजारी माणसं कित्वेतही आहेत.

तोवर सकाळी स्वेटर घाल, नदीत पाय बुडवू नकोस, आणि योतामूला सांग, भाचीला रानात नेशील तर बहीण विसर.

तुझी आई,
एस्नात


लुआंग्वा खोरे, २६ ऑगस्ट २००३

ती. आईस,
नमस्कार. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. एका हत्तिणीच्या पिल्लाच्या पायात तारेचा फास रुतला होता. जनावरांच्या डॉक्टर मुतिंताबाईंचा मदतनीस तापानं आडवा पडलेला, म्हणून त्यांनी मलाच गाडीत घातलं. पिल्लाला गुंगीचं औषध मारलं, आणि मामा नि त्याची माणसं गाड्या आडव्या घालून त्याच्या आईला थोपवून धरत होती. ती जे ओरडत होती ना, आई, ते अजून कानातून जात नाही.

सोंडेचं तोंड काडीनं उघडं ठेवायचं काम माझं. त्याचा गरम श्वास तळहातावर येत होता, ओल्या गवताचा वास होता त्याला. तार पार हाडापर्यंत गेलेली. इतकी बाळंतपणं केली, पण असली जखम कधी पाहिली नव्हती. फास लावणाऱ्याचे हात झडोत, असं मी मोठ्यानं म्हटलं. मामा नुसता माझ्याकडं बघत राहिला.

पिल्लू उठलं, लंगडत आईकडं गेलं.

तुझी,
तिसाउके


कित्वे, ६ सप्टेंबर २००३

तिसाउके,

जे हात झडोत म्हणालीस, ते तुझ्या बापाचे होते. आणि माझेही.

त्या साली पीक करपलं. उपासमारीनं तुझं पोट फुगलं होतं, केस तांबडे पडले होते. आम्ही जुने टायर जाळून तार काढायचो, मी पीळ द्यायची, लाझारो हरणाच्या वाटेवर फास लावायचा. त्यात एक दिवस हत्तीचं पिल्लू अडकलं. सकाळभर त्याचं ओरडणं घरात ऐकू येत होतं. लाझारोनं पुढ्यातलं न्शिमाचं ताट तसंच ठेवलं आणि पक्कड उचलली. मी दारात आडवी झाले. तो म्हणाला की ते आईला हाक मारतंय, मला घास उतरत नाही.

पुढचं तुला कळलंच असेल, पिल्लाच्या आईनं त्याला तिथंच मारलं. शेत राखताना गेला, हे मी रचलं. सुतकाला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर खोटं बोलले, आणि मग त्या तोंडांना तोंड देववेना म्हणून गाव सोडलं. पत्र लिहावंसं वाटलं नाही, तर लिहू नकोस.

एस्नात


लुआंग्वा खोरे, १८ सप्टेंबर २००३

ती. आईस,
नमस्कार.

दोन दिवस तुझ्यावर फार चिडले होते. तारेसाठी नाही, बावीस वर्षं माझे बाबा तू माझ्यापासून लपवलेस, म्हणून.

मग मामाला पत्र वाचून दाखवलं. त्याला सगळं माहीत होतं. बाबांना त्यानंच उचललं. पक्कड हातात घट्ट होती, ती सोडवेना, म्हणून त्यांच्याबरोबर तशीच पुरली. अंगावर खाकी असून तार त्यानं स्वतः नदीत फेकली आणि साहेबांना सांगितलं की मेहुणा शेत राखताना मेला. गावानंही तेच सांगितलं. तू त्यांच्याशी खोटं बोलत होतीस आणि ते तुझ्यासाठी.

आणि एक, जे तुला कुणी सांगितलंच नाही. तार पकडीनं तोडलेली होती, आई. पिल्लू सुटलं होतं. बाबांनी सोडवलं होतं.

म्हाताऱ्या रोज विचारतात, एस्नात कधी येणार? दर गुरुवारच्या बसला मी फाट्यावर उभी असेन. लोभ आहेच, तो पत्रातून पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझी आणि लाझारोची,
तिसाउके