पेनरोज घराण्याचा निर्वंश

मनामा, बहरैन
फाल्गुन वद्य पंचमी, इ. स. १९७९ (तिथी अंदाजे, भिंतीवरचं पंचांग गेल्या वर्षीचं आहे)

ती. मथुराताईस धाकट्या दत्तारामाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तांबडी गाय यांची प्रकृती याच क्रमाने कळवावी. मी धडधाकट आहे. खानावळीतल्या सांबाराला हल्ली मी आमटी म्हणू लागलो आहे, एवढं सोडल्यास काळजीचं कारण नाही.

आमच्या विल्मॉट साहेबांना (माझी रजा मंजूर करणारे, म्हणजे गेली तीन वर्षं न करणारे) अचानक कळलं की त्यांचे खापरपणजोबा, कॅप्टन पेनरोज, पेन्शन घेऊन आपल्या दापोलीतच घर बांधून राहिले होते. विलायतेतल्या आत्याबाईंनी घराण्याची हातानं लिहिलेली जन्ममृत्यूंची पानं धाडली, आणि साहेब म्हणाले, तू दापोलीचा, तूच हे नीट मांड. पाठशाळेतली वर्षं एकदाची कामी आली म्हणून मी हुरळलो. प्रथम गोत्र विचारलं. साहेब म्हणाले, चर्च ऑफ इंग्लंड. ते लिहून घेतलं. मग सुट्टीचे शुक्रवारमागून शुक्रवार खपून आपल्या रीतीनं वंशावळ मांडली: मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र. मुली अर्थातच वगळल्या. थोरला पुत्र लहानपणीच तापानं गेला, धाकटा अविवाहित. तिथे मी सुबक अक्षरात ‘निर्वंश’ लिहिलं, त्याचा इंग्रजीत अर्थ दिला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो बोट फिरवत खालपर्यंत वाचला. मग शांतपणे विचारलं, “मग मी कोण?”

ते कॅप्टनच्या एमिली नावाच्या मुलीच्या वंशातले निघाले. (आडनावं वेगळी आहेत हे मला दिसलं होतं, पण गोऱ्यांचं काय सांगावं, म्हणून पुढे गेलो.) माझ्या खोलीत राहणारा खेडचा फारुख ऑफिसची गाडी चालवतो. तो म्हणाला, “भटजी, साहेबाला जित्ता गाडलंत तुम्ही. आता रजा खलास.”

पुन्हा सगळं मांडलं, एमिली लाल शाईत. तेव्हा आठवलं, आपल्या वंशावळीत आबांखाली मी एकटाच आहे. ताई, तू नाहीस. घरी जावंसं वाटतं तेव्हा मला तुझंच घर दिसतं, आणि आमच्या कागदावर तुझा पत्ताच नाही. त्या दिवशी जेवण गेलं नाही. (सांबारही कारण असू शकेल.)

साहेब मात्र आता खूष आहेत. एमिली दापोलीतच वारली असं त्या पानांत आहे, तिचं थडगं पाहायला जाऊ म्हणतात, आणि सोबत मला नेणार.

तुझा,
दत्ताराम

ता. क. : रजा अजून मंजूर नाही. थडगं आहे असं तिथून कुणी लिहिलं तरच साहेब निघणार. तुमच्या आळीमागे गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आहे, तिथे भावोजींना धाड. सापडलं तर ‘अक्षरं पुसट आहेत, जाणत्यानं स्वतः येऊन वाचावीत’ असं लिही. स्वच्छ असली तरी पुसटच लिही.

ता. क. २ : थडगं नसलंच तर खोटं लिहू नकोस, तुला ते जमत नाही. कागदावर नुसतं ‘ये’ लिहून धाड. साहेबांना मराठी येत नाही. त्याचा अर्थ मी सांगेन.