विहिरीपासून डावीकडे, तिसरं दार

७ सप्टेंबर, रवि.
पितृपक्ष लागला. खीर, वडे केले. घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं. कावळा आला नाही, खार आली. वडा घेऊन पळाली. ह्यांना चाललं असतं.
फ्रीमाँटहून निखिलचा फोन. "आई, नोव्हेंबरची तिकिटं बघतोय. बाबांना नाशिकला नेऊ या. इट्स बीन टू इयर्स."
बघू म्हटलं.
"बघू मीन्स नो," म्हणाला. मराठी तेवढं नीट कळतं त्याला.
अस्थींचा कलश अजून कपाटात आहे, ह्यांच्या स्वेटरांच्या कप्प्यात.

१० सप्टेंबर, बुध.
लायब्ररीतून पॅलेस्टिनी कवितांचं जाडं पुस्तक आणलं. इंग्रजीत आहे. आपलं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं, त्यामुळे एक कविता एक सकाळ खाते. शब्द अडला की शोधायचा, मग ओळ परत पहिल्यापासून. घाई कुणाला आहे.
पुस्तक आणलं ते समोरच्या उम्म खालिदमुळे. थोरल्या मुलाच्या नावाने आईला हाक मारायची त्यांची रीत. मला ती उम्म निखिल म्हणते. नाशिकच्या सोसायटीत निखिलची आई म्हणायच्या, तेच. तिचा नवरा ह्यांच्या वर्षभर आधी गेला. ह्यांचं झालं त्या आठवड्यात रोज दाराशी भात ठेवून जायची. बेल न वाजवता.
इथून पुढे उ. खा. एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार.

१५ सप्टेंबर, सोम.
उ. खा.कडे चहा. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू, आवाज बंद. चहा ओतताना तिकडे पाठ करून बसते, पण बंद करत नाही. मी विचारत नाही. तिची बहीण अजून तिकडे आहे एवढं माहीत आहे.
पुस्तक दाखवलं. चष्मा लावून चाळलं. म्हणाली, "हे सगळे मोठे लोक. मीही लिहिते. स्वयंपाकघरातली कवी."
मग एक कविता अरबीत म्हणून दाखवली आणि आमच्या दोघींच्या मोडक्या इंग्रजीत समजावली. तिच्या वडिलांचं गाव अठ्ठेचाळीस साली गेलं. ती जन्मली लेबनॉनमध्ये, छावणीत. गाव तिने पाहिलेलंच नाही. वडील रोज रात्री वाट सांगायचे.
घरी येऊन मराठीत उतरवून बघितली:

बाबा झोपेतही चालत राहिले,
विहिरीपासून डावीकडे,
मग तिसरं दार.
आणि मला जाग आली.

१८ सप्टेंबर, गुरु.
तिला विचारलं, दाराच्या आत काय होतं?
"माहीत नाही. दारापाशी आले की बाबा पाणी मागायचे. पाणी प्यायले की कूस बदलून झोपायचे."
आज अजून दोन-तीन कविता ऐकवल्या, सगळ्या दारापाशीच थांबतात. मला वाटलं होतं ती लिहिण्याची तऱ्हा असेल.

२३ सप्टेंबर, मंगळ.
इथल्या मराठी मंडळाच्या शैलाताईंचा फोन. कोजागिरीला 'मायदेशाची ओढ' असा कार्यक्रम आहे, "तुमच्या त्या मैत्रिणीची कविता वाचा ना, काहीतरी वेगळं होईल." उ. खा.ला विचारलं. हो म्हणाली. स्वतः येते म्हणाली. काय घालू, विचारलं. मी म्हटलं, काहीही घाल, आमच्याकडे सगळ्या नटून येतात आणि थंडी वाजते म्हणून वर जॅकेट चढवतात.

४ ऑक्टोबर, शनि.
मंडळाची कोजागिरी, शनिवार गाठून दोन दिवस आधीच. मसाला दूध, भेळ. चंद्र पार्किंग लॉटवर छान आला होता.
कविता वाचली. बरी वाचली. त्याआधी दोन शब्द बोलले. "आपणही एका अर्थी निर्वासितच," असं म्हणून गेले. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. शैलाताई म्हणाल्या, "मावशी, अगदी मनातलं बोललात."
गाडीत उ. खा.ने विचारलं, टाळ्या कशाला पडल्या? कविता तर पुढे होती.
मी सांगितलं काय बोलले ते.
 ती शांतपणे म्हणाली, "उम्म निखिल, तुझा मुलगा तिकीट काढतोय. तुझ्याकडे घर आहे, नदी आहे, नवरा कपाटात आहे. आणि तू जात नाहीस. ते वेगळं असतं."
रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर, रवि.
दिवसभर घरात.
खरं आहे तिचं. आम्हाला कुणी काढलं नाही. ह्यांना नोकरी लागली, आम्ही आलो, हौसेने आलो. आठवण येते त्याला आठवण म्हणावं, मोठा शब्द कशाला लावायचा.

८ ऑक्टोबर, बुध.
मेथीचे ठेपले स्टीलच्या डब्यात घालून समोर गेले. म्हटलं, चुकलं.
"बस," म्हणाली. चहा. टीव्ही तसाच.
मग म्हणाली, "तुमच्या बायका छान रडतात. पण माझ्या कवितेवर नव्हत्या रडत." आणि हसली. मीही हसले.
मग तिने सरळच विचारलं. का जात नाहीस?
सांगितलं. निखिललाही सांगितलेलं नाही ते. नाशिकचा फ्लॅट आम्ही म्हातारपणासाठी घेतला. दुसरा मजला, जिन्याला लागून दार. आत काय आहे, मला सगळं पाठ आहे. ह्यांच्या चपलांचा जोड, भिंतीवर जुनं कालनिर्णय. दार उघडायचं आणि आत हे नाहीत, ते एकदा इथे झालं. तिथे अजून व्हायचं आहे. आणि गोदावरीत सोडून आले की या घरात तरी मी कुणाबरोबर राहायचं? आत्ता कपाट उघडलं की स्वेटरांत आहेत तरी.
 तिने ठेपला मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला.
निघताना म्हणाली, "माझा नवरा इथल्या मातीत आहे. त्याला तिथे जायचं होतं. मी त्याला कुठे नेऊ? तुझं काम अवघड आहे, उम्म निखिल. पण होण्यासारखं आहे."

९ ऑक्टोबर, गुरु.
निखिलला फोन केला. तिकिटं काढ म्हटलं.
"शुअर ना, आई? परत कॅन्सल नाही ना करायचं?"
"काढ रे बाबा."
  मग म्हणाला, "रिटर्न कधीचं काढू?"
तुझं तू काढ, माझं ओपन ठेव, म्हटलं.
"व्हॉट डझ दॅट मीन?"
मला तरी कुठे माहीत आहे.

२ नोव्हेंबर, रवि.
हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे झाली. पाचलाच अंधार.
कलश खाली काढला, पुसला. स्वेटर देऊन टाकायला पिशवीत भरले, मग एक काढून ठेवला. तपकिरी.
उ. खा. नवी कविता लिहितेय म्हणाली. दारापर्यंत आली आहे.
"तू आत जाशील ना, तेव्हा नीट बघ," म्हणाली. "पहिल्यांदा काय दिसतं, वास कसला येतो. मला सांग. माझ्या कवितेत कुणीच कधी आत गेलेलं नाही."

११ नोव्हेंबर, मंगळ.
संध्याकाळचं विमान. निखिल काल रात्री आला. कलश त्याच्या पाठीवरच्या बॅगेत. "आय हॅव हिम," म्हणतो, सारखा हात लावून बघतो.
दुपारी उ. खा. आली, माझा स्टीलचा डबा घेऊन. तीही डबा रिकामा परत करत नाही. आत तिने घरी लावलेलं घट्ट दही, वर तेलाची धार.
मी म्हटलं, बरं झालं. आमच्यात निघताना हातावर दही घालतात. पण स्वतः घ्यायचं नसतं, घरातल्या मोठ्या माणसाने घालायचं. माझ्या वरचं आता कुणी राहिलं नाही.
"मी तुझ्याहून मोठी आहे," म्हणाली. चमचा शोधला. तिला माझ्या स्वयंपाकघरात सगळं सापडतं.
निखिल दारात बॅगा घेऊन उभा. "आई, उबर इज हिअर."
उ. खा.ने चमचा भरला आणि हातात तसाच धरून ठेवला. "हे जाण्यासाठी असतं की परत येण्यासाठी?"
"परत येण्यासाठी."
"परत कुठे?"
निखिल माझ्याकडे बघत होता. तीही.
मी तळहात पुढे केला. तिने दही घातलं. साखर नव्हती. खारट होतं, तेलाचं होतं, चांगलं होतं. सगळं चाटून खाल्लं.